नदीचं वकीलपत्र घ्यायला कुठे शिकवतात?

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मुंबई उच्च न्यायालयाने आरेमधल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालू झाल्या. रविवारी कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. दसऱ्याची सुट्टी असूनही सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं, सोमवारी खास खंडपीठ बसवलं आणि पुढची तोड थांबवायला सांगितलं. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितलं की तोडायची तेवढी तोडून झाली आहेत.

त्याच वर्षी प्रशांत महासागरातल्या वानुआतू या छोट्या बेटदेशात कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून एक प्रश्न उचलला: हवामान बदलाने बेटं बुडत असतील तर जगातल्या देशांवर कायदेशीर जबाबदारी काय? त्यांनी आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारने विषय उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सल्लामत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे.

दोन्हीकडे विद्यार्थीच, दोन्हीकडे पत्रच. एकांच्या हातात तास होते, दुसऱ्यांच्या हातात वर्षं. या बातम्या वाचल्या की लोक विचारतात, पर्यावरणाचे वकील म्हणजे नक्की करतात काय आणि ते शिकतात कुठे? कॉलेजात पेपर असतोच, पण खरं शिक्षण बऱ्याच अंशी कॉलेजच्या फाटकाबाहेर होतं. ते कसं, ते पाहू.

'पर्यावरण कायदा' नावाचं एक पुस्तक नाही

पर्यावरण कायदा म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. पाण्यासाठी १९७४ चा कायदा, हवेसाठी १९८१ चा, वन्यजीवांसाठी १९७२ चा, वनजमिनीचा वापर बदलण्यावर बंधन घालणारा १९८० चा, जैवविविधतेचा २००२ चा, वनहक्कांचा २००६ चा. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ मध्ये झाली आणि त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. तो या सगळ्यांवर छत्रीसारखा आहे. छत्रीच्या काड्या म्हणजे अधिसूचना, कायद्याच्या आधारे सरकार काढतं ते तपशीलवार नियम. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी कशी मिळते हे २००६ ची अधिसूचना ठरवते, समुद्रकिनाऱ्यावर काय बांधता येतं हे २०१९ ची. नवख्या वकिलाची पहिली दमछाक इथेच होते. कायदा पाठ असतो, पण भांडण अधिसूचनेच्या परिशिष्टातल्या एका ओळीवर चाललेलं असतं.

या जुडग्याला धरून ठेवणारी दोन तत्त्वं मात्र सोपी आहेत. पहिलं पूर्वखबरदारीचं. दूध वर येताना दिसलं की आपण गॅस बंद करतो, ओट्यावर सांडल्याचा पुरावा मागत बसत नाही. दुसरं, ज्याने सांडलं त्यानेच पुसायचं, शेजाऱ्याने नाही. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही तत्त्वं आपल्या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: आपल्या उद्योगाने नुकसान होत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी उद्योगावर.

मग कॉलेजात अडतं कुठे?

कायद्याच्या पदवीला पर्यावरण कायदा सक्तीचा आहे. वकिलीची सनद पक्की करणाऱ्या अखिल भारतीय परीक्षेतही तो आहे, १०० प्रश्नांपैकी दोन. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात १९९७ पासून पर्यावरण कायद्याचं स्वतंत्र केंद्र चालतं, पदविका अभ्यासक्रम आहेत, स्पर्धा आहेत. म्हणजे दारच नाही असं म्हणता येत नाही.

अडचण शिकवण्याच्या रीतीत आहे. मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांचा लुटुपुटूचा खटला, घ्या. तिथे घटनाक्रमाचा छापील कागद आयोजकच देतात. कारखाना कुठे, सांडपाणी कधी सोडलं, मासे किती मेले, सगळं ठरलेलं आणि दोन्ही बाजूंना मान्य. मग विद्यार्थी सुंदर युक्तिवाद करतात. प्रत्यक्षात तो घटनाक्रमाचा कागदच वकिलाला तयार करायचा असतो आणि त्यातली एकही ओळ समोरच्याला मान्य नसते. घराच्या भांडणात खरेदीखत असतं, सातबारा असतो. नदीच्या भांडणात काय असतं? पाण्याचा रंग, वास आणि गावकऱ्यांचं सांगणं. त्याचं पुराव्यात रूपांतर करणं हेच या वकिलीतलं मुख्य कसब, आणि ते फळ्यावर शिकवता येत नाही.

आधी दार कोणतं ते शोधा

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याला आपण हरित लवाद म्हणतो, ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीत, पश्चिम भागासाठी पुण्यात. तिथे न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात. भरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. सामान्य माणसाला हे न्यायालय परवडतं.

पण तिथे सगळं चालत नाही. लवादाच्या कायद्याला एक यादी जोडली आहे आणि त्या यादीतल्या कायद्यांखालचे प्रश्नच तिथे नेता येतात. पाणी, हवा, वनसंवर्धन, जैवविविधता आहे. वन्यजीव संरक्षण कायदा नाही. म्हणजे बिबट्याच्या शिकारीचा खटला घेऊन कोणी लवादात गेलं तर दारातूनच परत. तो जातो फौजदारी न्यायालयात, आणि तिथेही एक खाच आहे. पोलिसांनी नेहमीसारखं आरोपपत्र ठेवून भागत नाही. कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची, बहुतेकदा वन विभागाच्या, रीतसर तक्रार लागते. सामान्य नागरिकालाही तक्रार करता येते, पण आधी ६० दिवसांची नोटीस देऊन. उच्च न्यायालयाचं दार या सगळ्यात बंद होत नाही. लवाद आला म्हणून उच्च न्यायालयाचे घटनात्मक अधिकार संपले नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

दार सापडलं की घड्याळ. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. इतर वादांसाठी सहा महिने, अधिक ६० दिवस. भरपाईसाठी पाच वर्षं. गावात मंजुरीची बातमी पोहोचते तेव्हा बहुतेकदा पहिला महिना उलटून गेलेला असतो. म्हणून चांगला सिनिअर ज्युनिअरला पहिल्या दिवशी कलमं विचारत नाही. मंजुरीपत्राची तारीख कोणती आणि ते गावाला कळलं केव्हा, एवढंच विचारतो.

बाटलीभर पाणी

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू. ओढ्यात काळं पाणी येतंय. गावातला तरुण प्लास्टिकच्या बाटलीत ते भरतो, फोटो काढतो, खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतो आणि अहवाल वकिलाकडे आणतो. अहवाल भयंकर आहे. खटला जिंकला?

नाही. पाणी कायद्याचं कलम २१ वाचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी तिथल्या जबाबदार माणसाला नोटीस द्यायची की हा नमुना तपासणीला जाणार आहे. मग त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. प्रत्येक भाग वेगळ्या बाटलीत, त्यावर खूण, मोहोर आणि दोघांच्या सह्या. त्यानंतर प्रयोगशाळा. हा क्रम चुकला तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून घेता येत नाही, असं तेच कलम सांगतं.

म्हणजे मोहोर नसलेली बाटली फुकट गेली का? तसंही नाही. तिच्या जोरावर मंडळाकडे तारखेनिशी तक्रार करता येते. मंडळाने नमुना घेतला नाही तर का घेतला नाही हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. लवाद दिवाणी प्रक्रियेच्या आणि पुरावा कायद्याच्या चौकटीला जखडलेला नाही, तो स्वतः समिती नेमून पाणी तपासायला लावू शकतो. पण त्यासाठी अर्जात काहीतरी ठोस दिसायला हवं, आणि ती बाटली ते काम करते. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, हे एका दुपारी ओढ्याच्या काठावर उभं राहून जेवढं समजतं तेवढं वर्षभराच्या तासांत समजत नाही.

वकिलाला शास्त्र कशाला?

ही शंका वकीलच जास्त काढतात. तज्ज्ञ नेमता येतो ना? येतो. पण तज्ज्ञाला काय विचारायचं ते कळायला हवं.

पाण्याच्या अहवालात 'बीओडी' नावाचा एक आकडा असतो. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं ते माप. घाण जास्त, तर जिवाणूंचं खाणं जास्त आणि माशांना उरतो तो कमी. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. अहवालात २८ असेल तर कारखान्याचा वकील हसत बसतो. तयार वकील विचारतो: नमुना कोणत्या तोंडाशी घेतला? किती वाजता? पावसाळ्यात की उन्हाळ्यात? त्या वेळी कारखाना पूर्ण क्षमतेने चालू होता का? हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नकाशा वाचता यावा, उपग्रहाची जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवून पाहता यावीत आणि वनरक्षकाशी, मच्छीमाराशी बोलताना आपण वकील आहोत हे थोडा वेळ विसरता यावं, एवढं पुरे.

जनसुनावणीची शाळा

माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगला वर्ग म्हणजे जनसुनावणी. ठरावीक प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांना मंजुरी देण्याआधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक तिथल्या भाषेतलं. प्रकल्पाच्या परिणामांचा सारांशही तिथल्या भाषेत उपलब्ध हवा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा निदान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, आणि सगळ्याचं चित्रीकरण.

मंडपात बसून पाहा. पुढच्या रांगा कोणी भरल्या आहेत? सारांशाची मराठी गावातल्या कोणाला कळते का? (हे सारांश बऱ्याचदा अशा मराठीत असतात की इंग्रजी बरं वाटावं.) एक म्हातारा माईकवर तावातावाने बोलतो, टाळ्या पडतात, पण इतिवृत्तात त्याचं बोलणं 'ग्रामस्थांनी विरोध केला' एवढ्या तीन शब्दांत मावतं. तिथे कायद्याच्या विद्यार्थ्याचं काम भाषण करण्याचं नाही. त्या म्हाताऱ्याचं म्हणणं मुद्देसूद लिहून काढायचं, त्याची सही घ्यायची, पोच घ्यायची. गोव्यातल्या एका खाणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं की सुनावणीतल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार करायला हवा आणि त्या का नाकारल्या याची कारणं द्यायला हवीत. पण कारणं मागायला हरकत आधी कागदावर असावी लागते.

कागद वाचण्याची सवयही इथूनच लागते. गोव्याच्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी थांबवली. मुख्य कारणांपैकी एक म्हणजे सुरुवातीच्या अर्जात आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची जी माहिती द्यायला हवी होती, ती दिली नव्हती. पुढे जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने अटी वाढवून स्थगिती उठवली आणि विमानतळ झाला. तरीही ते प्रकरण अभ्यासायला द्यावं असंच आहे, कारण सगळा वाद अर्जातल्या रकान्यांवरून उभा राहिला.

निकाल शेवटच्या पानापर्यंत

स्वच्छ पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सांगताना जवळजवळ प्रत्येक वकील सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालाचा दाखला देतो. पुढची पानं उलटली तर दिसतं की न्यायालयाने ती याचिका फेटाळली होती. याचिकाकर्त्याचा हेतू सार्वजनिक हिताचा नसून स्वतःच्या धंद्याचा आहे असं न्यायालयाला आढळलं आणि खर्चही त्याच्यावरच बसला. तत्त्व टिकलं, माणूस हरला. अशिलाच्या हेतूची आधी नीट चौकशी करावी, हा धडा त्या निकालात आहे, पण गाइडमध्ये नाही.

आणि निकालही पालटतात. प्रकल्प आधी उभा करायचा आणि पर्यावरण मंजुरी मागाहून घ्यायची, म्हणजे लायसन्सशिवाय गाडी चालवून पकडल्यावर लायसन्स काढायला निघायचं, हा प्रकार बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला 'वनशक्ती' या संस्थेच्या खटल्यात दिला. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो मागे घेतला. सहा महिन्यांत वर्गातल्या नोट्स जुन्या झाल्या. तिसऱ्या न्यायमूर्तींचं वेगळं मत विद्यार्थ्यांनी आधी वाचावं असं मी म्हणेन. बहुमताने काय ठरवलं ते कुठेही कळतं, ते का खटकू शकतं हे तिथे कळतं.

म्हणजे विकासाला आडवे येणारे वकील तयार करायचे?

हा आक्षेप नेहमीचा, आणि त्यात अर्धवट तथ्य आहे. खोटी जनहित याचिका टाकून प्रकल्प अडवणारे असतातच. वरच्या सुभाष कुमार खटल्यातही न्यायालयाला जनहिताचा दावा खोटा आढळला होता. पण प्रशिक्षण फक्त एका बाजूच्या वकिलांसाठी नाही. कंपनीच्या वकिलाला नियम नीट माहीत असतील तर तो अर्जातला रकाना रिकामा सोडू देणार नाही, आणि पुढची दोन वर्षं कोर्टात जाणार नाहीत. प्रदूषण मंडळाच्या वकिलाला कलम २१ नीट माहीत असेल तर मोहोर नसलेली बाटली घेऊन तो न्यायालयात उभा राहणार नाही. आपल्याकडे सगळ्यात मोठी उणीव मला सरकारी बाजूला वाटते. अर्जदार आणि कंपनी तयारीनिशी येतात, आणि सरकारतर्फे प्रतिज्ञापत्र दाखल करायला पुढची तारीख मागितली जाते.

पोट भरतं का?

निव्वळ गावांच्या खटल्यांवर, सुरुवातीच्या वर्षांत, अवघड. हे लपवण्यात अर्थ नाही. बरेच तरुण वकील सकाळी भाडेकराराची नाहीतर चेकची प्रकरणं करतात आणि त्या पैशावर लवादातली. काही संस्थांत नोकरी धरतात, काही कंपन्यांना मंजुरीच्या अटी पाळण्याचा सल्ला देतात. दिल्लीतल्या 'लीगल इनिशिएटिव्ह फॉर फॉरेस्ट अँड एन्व्हायर्नमेंट' या वकिलांच्या संस्थेला २०२१ साली 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे या वाटेवर नावही होतं. पण पुरस्काराने ऑफिसचं भाडं निघत नाही. विधि महाविद्यालयांची विधी साहाय्य केंद्रं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं यांनी अशा प्रकरणांसाठी तरुण वकिलांना मानधन दिलं तर निदान पहिली तीन वर्षं तग धरता येईल.

जिंकल्यानंतर

राजस्थानातलं बिछडी गाव. रसायनांच्या कारखान्यांचं विष जमिनीत मुरलं, विहिरींचं पाणी खराब झालं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल दिला: ज्यांनी घाण केली, त्यांनीच साफसफाईचा खर्च द्यायचा. तो खर्च ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. त्यानंतर अर्जामागून अर्ज होत राहिले आणि जुलै २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, ही रक्कम १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरा. निकाल आणि हा वसुलीचा आदेश यांच्यामध्ये पंधरा वर्षं गेली. पहिला युक्तिवाद झाला तेव्हा जो ज्युनिअर होता, तो एव्हाना सिनिअर झाला असेल.

म्हणून अंमलबजावणीवर नजर ठेवणं हेही प्रशिक्षणातच यायला हवं, आणि याला ना सनद लागते ना फी. प्रत्येक पर्यावरण मंजुरीला अटी असतात. त्या पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पाला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. मंजुरीपत्र केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर सापडतं, अहवालही सार्वजनिक कागद आहे. चार विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजपासून बसने जाता येईल असा एक प्रकल्प निवडावा. मंजुरीपत्राची प्रत काढावी, अटींना क्रमांक घालावेत आणि शेजारी अहवालातलं उत्तर लिहावं. 'हरितपट्टा विकसित करणे' या अटीपुढे बहुधा 'पूर्तता केली' असं लिहिलेलं असेल. मग बस पकडावी, कुंपणाच्या कडेने चालत जावं आणि झाडं मोजावीत.